रांगेची एक बाजू: गिरणगावातल्या गणेशोत्सव मंडळांना खुलं पत्र

प्रति,
लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड इथल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि ज्यांचं नाव कुठल्याच बॅनरवर येत नाही ते सगळे कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. रात्री अकराला "भाऊ, एक दहा बाय आठ आजच्या आज पाहिजे, फ्रेम तयार आहे" असा फोन ज्याला जातो, तो मी. परळला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तुमचे शुभेच्छांचे, आगमनाचे, वाढदिवसांचे आणि श्रद्धांजलीचे बोर्ड वर्षानुवर्षं माझ्या मशीनवरून उतरलेत, तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नका.

मागणं आधीच सांगून टाकतो, कारण मंडळाच्या मीटिंगमध्ये लांब पत्र शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. यंदा दर्शनाच्या रांगेची एक बाजू मोकळी सोडा. एकच. दुसरी शुभेच्छुकांना आणि जाहिरातदारांना राहू द्या. त्यांच्याशिवाय उत्सव उभा राहत नाही, हे मलाही कळतं. मोकळ्या बाजूवर या भागातल्या माणसांचे, त्यांच्या कामाचे, संपांचे, खाणावळींचे, चाळींचे खरे फोटो लावा. आणि तिथे या भागातली गाणी वाजवा, नावानिशी वाजवा. कोणी लिहिलं, चाल कोणाची, गातंय कोण, हे लोकांना कळू द्या.

मुंबईत फोटो पाहायला जागा नाही असं नाही. काळा घोड्याला जहांगीर आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएत खास फोटोंसाठीची पिरामल गॅलरी आहे. आपल्या शेजारी भायखळ्याला, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून उभं आहे. पण आपल्या चाळीतला माणूस "ते आपल्यासाठी नाही" असं स्वतःच ठरवून मोकळा होतो. तोच माणूस तुमच्या रांगेत बांबूंच्या मध्ये तासन् तास उभा राहतो. पुढच्याची पाठ, बाजूचा बोर्ड आणि उतरत चाललेली मोबाइलची बॅटरी. बघण्याशिवाय त्याला दुसरं काम नसतं. एवढा वेळ देणारा प्रेक्षक जगातल्या कुठल्या गॅलरीला मिळतो, सांगा.

आणि त्याला आपण काय दाखवतो? हात जोडलेले डझनभर चेहरे. ते मीच छापतो, म्हणून सांगतो. फाइल उघडली की पहिली सूचना ठरलेली: "साहेबांना जरा गोरं कर." दुसरी: "मागचं काढून टाक." मागचं म्हणजे घर, गल्ली, दुकान, शेजारी उभी असलेली माणसं. ती सगळी कापून जातात आणि त्या जागी भगवा-पिवळा उजेड येतो, नाहीतर मंत्रालयाची इमारत. माझा धंदाच आहे हा, तक्रार करत नाही. पण डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात तिची सगळी गंमत त्या मागच्यातच असते.

मध्यंतरी एक ताई वडिलांचा फोटो मोठा करायला घेऊन आल्या. तेराव्याला हार घालायचा होता. फोटो पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल, एका कोपऱ्याला बुरशी धरलेली. गिरणीच्या गेटसमोर पंचवीस-तीस माणसं, वडील दुसऱ्या ओळीत, मान जराशी तिरकी. त्यांना फक्त तेवढं डोकं हवं होतं. स्कॅन करून पडद्यावर मोठं केलं आणि बाकीचं दिसायला लागलं. पुढे मांडी घालून बसलेल्याच्या हातात डफ. एकाच्या खिशाला लावलेला बिल्ला. गेटवर खडूनं लिहिलेली, अर्धी पुसलेली ओळ. आणि अगदी कडेला, फोटो काढणाऱ्यानं बहुधा तिला धरलंही नसेल, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, हातात डबे. खाणावळवाली असावी. ताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोकं वेगळं करा. आणि अख्खा फोटो वेगळा करा, मोठा."

त्या फोटोत डफ आहे, पण आवाज नाही. आवाज तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपल्याकडच्या बँजोचंच घ्या. शिकलेली माणसं नाकं मुरडतात. आपला बँजो म्हणजे विलायती बँजो नव्हेच. जपानात १९१२ च्या सुमारास टायपरायटरसारखी बटणं असलेलं तैशोगोतो नावाचं वाद्य निघालं, ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून अॅम्प्लिफायरला जोडलं. लांबट पेटी, वर तारा, डाव्या बोटांखाली बटणं, उजव्या हातात नखी. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर बसते. गळ्यातून निघते तशी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यातून सहज निघत नाही, सूर सुटे सुटे येतात. मग वाजवणारा काय करतो? नखी इतक्या वेगानं फिरवतो की दोन सुरांमधली फट बुजते आणि तार रडल्यासारखी थरथरत राहते. कोळीगीत, भीमगीत, आरती, हिंदी सिनेमातलं कालचं गाणं, सगळं त्या एका पेटीतून. नोटेशन नाही, क्लास नाही. जिन्याखाली कोणीतरी कोणालातरी शिकवलं. दिवसा डिलिव्हरी करणारा, हाउसकीपिंगला जाणारा मुलगा सीझनमध्ये ट्रॉलीवर उभा राहून हजारोंना नाचवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कोणालाच सांगता येत नाही. मिरवणुकीचे शेकडो फोटो निघतात. त्यातल्या किती फोटोंत त्याची बोटं दिसतात?

गणपतीतलं गाणं म्हणजे नुसता धिंगाणा, असं म्हणणाऱ्यांना मेळे, म्हणजे उत्सवात गाणारे गट, माहीत नसतात. टिळकांच्या काळात उत्सवातले मेळे पदं म्हणायचे, त्यात सरकारला टोचणारा मजकूर असायचा, आणि म्हणून इंग्रजी पोलिसांचा त्यांच्यावर डोळा असायचा. पुढे आपल्याच गिरणगावात शाहिरी फोफावली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंची 'मुंबईची लावणी' एकदा फोटोवाल्याच्या कानानं ऐका. एका बाजूला मलबार हिल, दुसऱ्या बाजूला परळ. मधे निवेदन नाही, उपदेश नाही. दोन चित्रं शेजारी शेजारी टांगली आणि शाहीर बाजूला झाला. 'माझी मैना गावावर राहिली' मध्येही तेच: पोटासाठी मुंबईला आलेला माणूस, गावाकडे राहिलेली बायको, आणि त्या घरगुती ताटातुटीतून अलगद संयुक्त महाराष्ट्राचा सवाल. बायकोवरचं गाणं म्हणून ऐकायला बसलेला माणूस उठताना बेळगाव-कारवारबद्दल बोलत उठायचा. लोकप्रिय गाण्यात हे जमतं, भाषणात जमत नाही.

आता फोटो आणि गाणं एकत्र का, ते सांगतो. ही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही, मुंबईत हे आधी होऊन गेलंय. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी सुनील जाना या बंगाली तरुणाला कॅमेरा घेऊन दुष्काळी भागात नेलं. त्याचे फोटो मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' मध्ये छापून आले आणि लोकांना वर्तमानपत्रातले आकडे माणसांसारखे दिसायला लागले. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही नाटक-गाण्यांतून लोकांपर्यंत जाणारी संस्था स्थापन झाली. अण्णाभाऊ पक्षाच्या मराठी 'लोकयुद्ध' मध्ये लिहीत होते, आणि त्यांचा 'बंगालची हाक' हा पवाडा त्याच दुष्काळावरचा. म्हणजे हजार कोसांवरची भूक या शहराला एका बाजूनं डोळ्यांवाटे आणि दुसऱ्या बाजूनं कानांवाटे कळत होती. बंगाल न पाहिलेल्या गिरणीकामगाराला ती परकी वाटली नाही.

नुसता फोटो पुरत नाही, याचं एक उदाहरण फार लांबचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावात ७ ऑगस्ट १९३० च्या रात्री जमावानं थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना मारून झाडाला लटकवलं. लॉरेन्स बाइटलर नावाच्या स्टुडिओवाल्यानं फोटो काढला. खाली गर्दी उभी आहे, काही जण कॅमेऱ्याकडे बघतायत, एक जण बोट दाखवतोय. त्या फोटोच्या हजारो प्रती आठवण म्हणून विकल्या गेल्या. आठवण म्हणून! पुढे तो न्यूयॉर्कच्या एबल मीरोपोल या शाळामास्तरांनी पाहिला आणि अस्वस्थ होऊन कविता लिहिली. १९३९ मध्ये बिली हॉलिडे या गायिकेनं ती 'स्ट्रेंज फ्रूट', म्हणजे 'विचित्र फळ', म्हणून गायली. तिच्या नेहमीच्या कंपनीनं रेकॉर्ड काढायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या लहान कंपनीकडे जाऊन काढली. फोटो तोच. गावातल्या लोकांना त्यात जत्रा दिसली, मास्तरांना खून दिसला. फोटो कोणाच्या बाजूनं आहे, हे फोटो स्वतः सांगत नाही. गाणं सांगतं. आणि गाणं हवेत विरून जाऊ नये म्हणून त्याच्याखाली फोटो लागतो.

अलीकडचं उदाहरण हवं तर कुर्ल्याला चला. नेझी या रॅपरनं २०१४ मध्ये 'आफत' चा व्हिडिओ आयपॅडवर आपल्याच मोहल्ल्यात शूट केला. पुढच्या वर्षी डिवाइनबरोबरचं 'मेरे गली में' आलं. रॅप आवडो न आवडो, आवाज बंद करून ते व्हिडिओ बघा: जिने, पत्रे, वायरी, कट्ट्यावर बसलेली पोरं. कोणी "मागचं काढून टाक" म्हटलेलं नाही. तुमच्या मंडळातली अठरा-वीस वर्षांची मुलं हेच ऐकतात. त्यांना शाहिरी जुनी वाटत असेल, तर अण्णाभाऊंची लावणी आणि ही गाणी एकामागोमाग एक लावा. मधे काही बोलायची गरज पडणार नाही.

आता तुमच्या हरकती. मीटिंगमध्ये त्या कोण घेणार, त्यांचे चेहरेसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिली: सणासुदीला रडके फोटो कशाला? कोण म्हणतं रडके? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढलेत, ते बघा. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस आहे, कचऱ्याच्या गाडीतली माणसं आहेत. बघून पोटात ढवळतं, हे खरं. पण त्यांची कीव करायची मुभा ते फोटो देत नाहीत; माणूस सरळ तुमच्याकडे बघतो आणि आपलीच नजर खाली जाते. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे सरकारलाही ते दिसले. आणि एक विचारतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटी कोण साफ करतं? ती माणसंही तुमच्याच रांगेत उभी असतात. बाप्पासमोर त्यांचा फोटो लागला तर विटाळ होतो का?

दुसरी: राजकारण होईल. मंडळींनो, तुमच्या मंडपाबाहेरच्या कमानी मी छापतो. पुढे काय बोलू?

तिसरी: फोटो आणायचे कुठून? ही हरकत खरी आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत एखादा तरी फोटो असणार: मोर्चाचा, साचाखात्यातला, कामगार कल्याण केंद्राच्या भजन स्पर्धेतला. पोरं बदलापूर, विरारला गेली, चाळ टॉवरमध्ये गेली, तरी ट्रंक अजून फेकलेली नाही. गणपतीला सगळे परत येतातच. वर्गणीला दारोदार फिरताना पावतीपुस्तकाबरोबर एवढं विचारा: "काका, गिरणीचा फोटो आहे का?" मूळ फोटो कोणाकडून कायमचा घेऊ नका. तिथेच मोबाइलनं टिपायचा नाही, दुकानात आणून स्कॅन करू आणि त्याच दिवशी परत देऊ. वृत्तपत्रांसाठी ज्यांनी त्या काळात फोटो काढले त्यांचेही आणता येतील, पण रीतसर विचारून, पैसे देऊन. नेटवरून उचललेला फोटो मी छापणार नाही. आधीच सांगतोय, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

आणि नावं. याबाबत मी ऐकणार नाही. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँगनं पोरांना बिलगून बसलेल्या एका शेतमजूर बाईचा फोटो काढला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी तो एक. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळलं १९७८ मध्ये. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती नुसती 'स्थलांतरित आई' होती, आणि त्या फोटोचा एक पैसा तिला मिळाला नाही. आपल्या रांगेत असं नको. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, खातं, गिरणी, आणि फोटो कोणी काढला ते. नाव सापडलं नाही तर खाली जागा कोरी ठेवू आणि मार्कर दोरीला बांधू; रांगेतलंच कोणी ओळखेल. घरच्यांना नको असेल तर फोटो लागणार नाही, कितीही चांगला असला तरी. जपानात मिनामाताच्या पाऱ्याच्या विषबाधेचा जगभर गाजलेला फोटो, आंघोळीच्या पाण्यात आईच्या हातांवर पडलेली तोमोको, तिच्या आईवडिलांना पुढे नकोसा झाला. १९९८ मध्ये त्याबद्दलचा निर्णय त्या कुटुंबाच्या हाती देण्यात आला. फोटोग्राफर युजीन स्मिथ तेव्हा हयात नव्हते, त्यांच्या पूर्वपत्नीनं तो दिला. जगाला फोटो हवा होता, तरीही.

गाण्यांचंही तसंच. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं, ते तुम्ही उद्घाटनाला लावता. आवाज शाहीर साबळे यांचा, हे सांगतील. लिहिलं राजा बढे यांनी आणि चाल श्रीनिवास खळे यांची, हे स्टेजवरून कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. प्रल्हाद शिंदे यांनी 'पाऊले चालती पंढरीची वाट' गायलं आणि त्याच गळ्यानं भीमगीतंही गायली; एकाच रांगेत दोन्ही वाजू द्यात. आणि बँजो पार्टीच्या पोरांची नावं तर पाटीवर हवीतच, मागच्या तालवाल्यांसकट.

थोडं कामाचं. फ्लेक्सवर हॅलोजनचा उजेड चमकतो आणि फोटो दिसत नाही; त्यातून उत्सव संपला की साहेबांचा चेहरा कोणाच्या तरी गळक्या पत्र्यावर पावसाळाभर पडून राहतो. हे फोटो आपण सुती कापडावर छापू. कापड चमकत नाही, आणि गिरणगावाचे फोटो दुसऱ्या कशावर छापायचे? आकार तीन बाय दोनपेक्षा मोठा नको. रांगेत माणूस हातभर अंतरावर असतो, त्याला भव्य बोर्ड दिसतच नाही, तुकडे दिसतात. फोटोचा मध्य साधारण छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे कडेवरच्या पोरालाही दिसेल आणि वाकलेल्या आजींनाही. गाण्यांसाठी भिंत हलवणारे स्पीकर नकोत. रांगेच्या कडेनं छोटे, हळू आवाजात. आवाजाची मर्यादा आपोआप पाळली जाईल आणि शब्द ऐकू येतील. बेस वाढवला की शाहीर मेलाच म्हणून समजा.

सगळ्या मंडळांनी एकदम करावं असं माझं म्हणणं नाही. १९२० पासूनचा चिंचपोकळीचा चिंतामणी आहे, १९२८ पासूनची गणेशगल्ली आहे, १९३४ पासूनचा लालबागचा राजा आहे. मोठ्यांच्या रांगा मोठ्या आणि त्यांचे करारही मोठे. आडगल्लीतल्या एखाद्या छोट्या मंडळानं पन्नास फुटांची भिंत दिली तरी मी सुरुवात करायला तयार आहे. मात्र मंडपाचं माप आणि रांग कुठून कशी वळते त्याचा कच्चा नकाशा पाद्यपूजनाच्या, म्हणजे मूर्तीच्या कामाच्या मुहूर्ताच्या, आधी हातात द्या. एकदा डेकोरेटरनं बांबू रोवले की फूटभर इकडचं तिकडे होत नाही.

डिझाइनचे पैसे मी घेणार नाही. कापड आणि शाईचे घेईन. फोटो काढणाऱ्यांचं आणि वाजवणाऱ्यांचं मानधन मात्र वेगळं धरा, आणि खजिनदारसाहेब, ते वहीत स्वच्छ अक्षरात नावासमोर लिहा. "इतर खर्च" मध्ये ढकलू नका.

आपला,
परळचा फ्लेक्सवाला